प्रोत्साहन पुरे, आधी टॉयलेटची किल्ली कुणाकडं आहे ते सांगा

दरवर्षी ८ मार्च जवळ आला की कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजमधून मला फोन येतो. मॅडम, आमच्या मुलींना जरा मोटिव्हेट करा, मेकॅनिकलला मुली येतच नाहीत हो. मी जाते. शाल, नारळ, कल्पना चावलाच्या फोटोला हार, मग प्राचार्यांचं "मुलींनी न्यूनगंड सोडला पाहिजे" वालं भाषण, आणि समोर दोनशे मुली बसलेल्या, त्यातल्या पावणेदोनशे कॉम्प्युटर आणि आयटीच्या, सगळ्या घड्याळाकडं बघत. मागच्या वेळी मात्र प्रश्नोत्तरात मेकच्या थर्ड इयरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, मोटिव्हेशन आहे हो आम्हाला, पण आमच्या सिनियर मुलींना कॅम्पसला पाचपैकी तीन कंपन्यांनी बसूच दिलं नाही, एकदा त्यांना पण बोलवा ना मोटिव्हेट करायला. हॉलमध्ये हशा. स्टेजवर कुणी हसलं नाही.

घरी येताना गाडीत तेच डोक्यात. इतकी वर्षं मी भाषणं करतेय ती चुकीच्या लोकांसमोर.

मी मेकची. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्री, आणि गेली सतरा वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांत, आधी क्वालिटीला आणि आता नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटला. वडील एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक, घरात ग्रीसचा वास कायमचा, त्यामुळं मला कुणी प्रोत्साहन वगैरे दिलेलं आठवत नाही, पाना उचलला तेव्हा कुणी हातातून काढून घेतला नाही एवढंच. डिप्लोमाला वर्गात साठ पोरं आणि आम्ही तिघी. फिटिंगच्या वर्कशॉपला लोखंडाच्या तुकड्याला कानस मारून मारून तळहाताला फोड यायचे, सर तो जॉब घ्यायचे, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडं धरायचे, फटीतून उजेड दिसला की "परत घासा". आम्हा तिघींचे जॉब पहिल्या फेरीत पास, निम्मी पोरं दिवाळीपर्यंत घासत होती. तेव्हा "मुलींना जमत नाही" हा मुद्दा माझ्यापुरता सतराव्या वर्षीच संपला, त्याच्यावर मी इथं शाई वाया घालवणार नाही.

आता जरा सरकारी बाजू बघू, कारण तिथं खरंच बरंच झालंय आणि ते कबूल केलं पाहिजे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे सरकारी सामाईक प्रवेशात, मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, कटऑफच्या यादीत जी आणि एल अशी अक्षरं दिसतात त्यातलं एल म्हणजे लेडीज. २०२४-२५ पासून तर ज्या घरांचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीमधल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली, आधी ती निम्मी माफ होती. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे संस्थेचं फक्त मुलींचं कमिन्स कॉलेज १९९१ पासून चालू आहे. आयआयटीमध्ये बीटेकला मुली दहा टक्क्यांच्याही खाली होत्या, २०१८ मध्ये मुलींसाठी जादा जागा काढल्या, मुलांची एकही सीट कमी न करता, आणि १४, १७ करत २०२० पर्यंत टार्गेट २० टक्क्यांवर नेलं. दोन-तीन वर्षांत! या दोन-तीन वर्षांत मुलींचा मेंदू वाढला का? न्यूनगंड गेला का? काही नाही. कॉलेजनं जागा ठेवली आणि मुली येऊन बसल्या. दार उघडलं की लोक आत येतात, त्यासाठी दाराबाहेर स्पीकर लावून "या, घाबरू नका" असं ओरडत बसावं लागत नाही.

म्हणजे कॉलेजचं दार बऱ्यापैकी उघडलंय. देशभरात बीटेक करणाऱ्यांत शंभरात तीसेक मुली असतील. अडतं पुढच्या दाराशी, तिथं सिक्युरिटीवाला बसलेला असतो, आणि त्या दारापुढं कुणी भाषण करत नाही.

सुधा मूर्तींची ती पोस्टकार्डाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९७४ ची. टेल्कोची (टाटा मोटर्सचं तेव्हाचं नाव) जाहिरात नोटीस बोर्डावर, खाली ओळ, महिलांनी अर्ज करू नये, मग त्यांनी थेट जेआरडींना कार्ड लिहिलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर म्हणून लागल्या. ही गोष्ट आपण मुलींना "जिद्द ठेवा" म्हणून सांगतो. मला ती वेगळी दिसते. मुलगी तर शिकून तयारच होती, एमटेक करत होती, जिद्दीचा प्रॉब्लेम नव्हताच, खोट जाहिरातीत होती आणि जाहिरात कुणाची चूक आहे ते तिनं बरोबर माणसाला लिहून कळवलं. आज जाहिरातीत असली ओळ कुणी छापत नाही. आज ती फोनवर सांगतात. प्लेसमेंटच्या सरांना एचआरचा फोन येतो, सर, शिफ्ट आहे, प्लांट लांब आहे, शक्यतो बॉईजच पाठवा, आणि सरही बिचारे पाच कंपन्या जमवता जमवता मेटाकुटीला आलेले, ते म्हणतात बरं. कागदावर काहीच नाही. पोस्टकार्ड पाठवायचं म्हटलं तर कुणाच्या पत्त्यावर पाठवणार?

आणि आत गेल्यावर काय असतं ते सांगते. माझी पहिली नोकरी, कंपनीचं नाव घेत नाही, तीनशे माणसं आणि शॉपवर, म्हणजे जिथं मशीनं चालतात तिथं, मी एकटी बाई. लेडीज टॉयलेट अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये, शॉपपासून चालत सहा-सात मिनिटं, आणि त्याला कुलूप, किल्ली रिसेप्शनच्या मॅडमकडं, त्या साडेपाचला घरी गेल्या की किल्ली गेटवर सिक्युरिटीकडं. म्हणजे सेकंड शिफ्टला थांबले तर मला गेटवर जाऊन, तिथं टेकलेल्या चार ड्रायव्हरांसमोर, काका किल्ली द्या म्हणायचं, आणि काका रजिस्टर पुढं करणार, सही करा. नाव, वेळ, सही. टॉयलेटला जायची एंट्री! पहिल्या आठवड्यात मी रडले, दुसऱ्या आठवड्यात हिशोब शिकले. सकाळी सहाला अर्धा कप चहा, मग दुपारपर्यंत पाणी नाही, जेवताना दोन घोट, की संध्याकाळी सातपर्यंत निभतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हीट ट्रीटमेंटच्या भट्टीशेजारी उभी राहून मी पाण्याचे घोट मोजायचे. वर्षभरात दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, डॉक्टर म्हणाल्या पाणी पीत जा ग भरपूर. त्यांना काय सांगणार. सेफ्टी शूज तर बायकांच्या मापाचे यायचेच नाहीत, पुरुषांचे सहा नंबर घ्यायचे आणि आत दोन मोजे, मग ऑडिटवाले विचारणार मॅडम तुम्ही लंगडता का.

फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ चा, २०२५ मध्ये नवे लेबर कोड येईपर्यंत तोच लागू होता, त्यात बाया आणि पुरुषांना वेगळी, स्वच्छ, कामाच्या जागेपासून सोयीच्या ठिकाणी स्वच्छतागृहं पाहिजेत असं सरळ लिहिलं होतं. "सोयीच्या ठिकाणी" हे शब्द त्यात होते. सात मिनिटं आणि एक रजिस्टर हे कुणाच्या सोयीचं?

आमच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव, कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, ऐंशीच्या दशकात मध्य रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव घेतात, डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवत आणली, २०२५ ला रिटायर झाल्या. पेपरात फोटो आले, छान वाटलं, मी पण स्टेटसला ठेवला. पण त्यांनी ज्या काळात गाड्या हाकल्या त्या काळातल्या रेल्वे इंजिनांत टॉयलेटच नसायचं, हे किती जणांना माहितीय? पुरुषांनाही नसायचं, पण पुरुषाचं भागतं कसंतरी. आपण पहिल्या बाईचा सत्कार करतो आणि ती जिथं बसायची ती जागा तशीच ठेवतो, मग दुसरी-तिसरी का येत नाही म्हणून चर्चासत्र घेतो.

बरं, नुसता पुरुषी स्वभावच आडवा येत होता असंही नाही, कायदाच आडवा होता. त्याच फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणं बाईला कारखान्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात कामाला ठेवता यायचं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये त्यात बदल करून रात्रपाळी खुली केली, सुरक्षा, जाण्यायेण्याची सोय वगैरे अटी घालून. खाणीत तर १९५२ च्या कायद्यानं बाईला जमिनीखाली काम करायलाच बंदी, २०१९ मध्ये सरकारनं टेक्निकल आणि सुपरवायझरी कामासाठी ती उठवली, आणि २०२१ मध्ये झारखंडची आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत इंजिनिअर म्हणून उतरली पण. दोनच वर्षांत. सत्तर वर्षं म्हणत होतो बायकांना खाणीत रस नाही.

मात्र रात्रपाळीचं एक आहे, कायदा बदलला म्हणजे बस आली असं होत नाही. चाकणच्या आतल्या फेजमधून रात्री अकराला सेकंड शिफ्ट सुटल्यावर मोठ्या कंपनीची बस असते, तिला घरच्या कोपऱ्यावर सोडते, पण मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या ऐंशी माणसांच्या व्हेंडरकडं काम करणारी मुलगी? ती नाशिक हायवेवर शेअर सिक्ससीटरची वाट बघत उभी राहणार का? मालक म्हणतो एका मुलीसाठी कॅब परवडत नाही, आणि खोटं बोलत नाही तो. पण त्याच लेनमध्ये असे वीस व्हेंडर आहेत, प्रत्येकाकडं एक-दोन मुली धरल्या तर एक मिनीबस भरते. ही बस कुणी काढायची, एमआयडीसीनं की मालकांच्या असोसिएशननं, याच्यावर कुणी मीटिंग घेत असेल तर मला सांगा, मी स्वतःच्या खर्चानं येते.

जड कामाचं म्हणाल तर शॉपवर चाळीस किलोचा पार्ट आमचे पैलवान सुपरवायझरसुद्धा हातानं उचलत नाहीत, होइस्ट असतो, क्रेन असते, आणि नसेल तर तो सेफ्टीचा प्रॉब्लेम आहे, बाईचा नाही. इंजिनिअरनं ड्रॉइंग वाचायचं असतं, सीएमएमचा, म्हणजे माप घेणाऱ्या मशीनचा, रिपोर्ट बघून बोअर (पार्टमधलं भोक) का ओव्हरसाईझ येतोय ते शोधायचं असतं. त्याला दंड लागत नाहीत.

राहता राहिला हुकमी एक्का, मुली लग्न झालं की सोडतात, मूल झालं की सोडतात. हे मालक लोक तोंडावर बोलतात आणि त्यांच्याकडं आकडेमोड असते, म्हणून जरा थांबून बघू. २०१७ मध्ये बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. चांगलंच केलं. पण पैसे कोण देणार? पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, देतं, इंजिनिअरचा पगार एकदोन वर्षांत त्याच्यावर जातो, मग सहा महिन्यांचा पगार पूर्ण मालकाच्या खिशातून. मोठ्या कंपनीला हे कळतही नाही, साठ माणसांच्या युनिटला कळतं. मग इंटरव्ह्यूला पंचवीस वर्षांची मुलगी आली की मालकाला समोर मुलगी दिसत नाही, सहा महिन्यांचं बिल दिसतं, आणि तो "लग्नाचं काय ठरलंय?" असं काकाच्या मायेनं विचारतो. मला तीन ठिकाणी विचारलंय. एकानं तर सासरचे कुठले ते पण विचारलं.

याच्यावर मालकाला शिव्या देऊन भागणार नाही. चांगला कायदा करायचा आणि त्याचं बिल एकट्या त्या मालकाला लावायचं जो बाईला नोकरी देतो, म्हणजे जो देत नाही त्याला बक्षीसच की. सगळ्यांच्या पगारातून, बाई असो पुरुष असो, थोडी वर्गणी कापून एक सामाईक फंड केला, ईएसआयची पगाराची मर्यादाच बाळंतपणापुरती काढून टाकली, तरी हा हिशोब मोडतो. आणि बापाला पण चांगली महिना-दोन महिने रजा सक्तीची करा, मग मालक मुलग्यालासुद्धा विचारेल लग्नाचं काय. पाळणाघराचं तसंच. जुन्या कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असल्या तर पाळणाघर, त्यामुळं तीसवर भरती थांबवायची युक्ती कुणाला सुचणार नाही? २०१७ मध्ये ते पन्नास कर्मचारी, बाई-पुरुष कुणीही, असं केलं आणि चारजणांनी मिळून एकच काढायचीही मुभा दिली. मग आमच्या लेनमध्ये पाळणाघर कुठंय? टपऱ्या सहा आहेत, गुटखा रात्री दोनला मिळतो.

मुली सोडतात हे खरंच आहे, माझ्याबरोबरच्या दोघींपैकी एकीनं सोडलं. हुशार होती, माझ्यापेक्षा. मूल आठ महिन्यांचं, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि कंपनीनं जनरल शिफ्टवरून रोटेशनला टाकलं. आता क्लासेस घेते, इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे. नवरा त्याच कंपनीत होता, त्याची शिफ्ट कुणी बदलली नाही आणि त्यानं पण मागितली नाही, मला तो राग अजून आहे.

आता एक नवीन कौतुक चाललंय, संपूर्ण महिलांची असेंब्ली लाईन. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या प्लांटला हॅरियर-सफारी जोडणाऱ्या लाईनवर हजाराहून जास्त मुली आहेत. ज्या कंपनीच्या जाहिरातीवरून ते पोस्टकार्ड गेलं त्याच कंपनीत, हे मोठंच आहे, मी नाकारत नाही. हजार मुली आल्या की टॉयलेट, बस, कॅन्टीन सगळं आपोआप होतं हे पण त्यातून दिसलं. माझी शंका दुसरी आहे, आणि ती सगळ्याच कंपन्यांच्या अशा लाईनबद्दल आहे, कुणा एकाबद्दल नाही. मी व्हेंडर म्हणून बऱ्याच ठिकाणी फिरते, तिथं लाईनवर मुली, गावाकडनं आलेल्या, ट्रेनी किंवा कॉन्ट्रॅक्टवर, आणि लाईन बंद पडली की टूलबॉक्स घेऊन पळत येतो तो मेंटेनन्सचा माणूस, त्याच्या मागं शिफ्ट इंजिनिअर, तोही पुरुष, रिपोर्ट जातो प्लांट हेडला, तोही. नट मुलींनी आवळायचा आणि किती टॉर्कनं आवळायचा ते दुसऱ्यानं ठरवायचं. याला महिला इंजिनिअरिंगमध्ये आल्या म्हणायचं असेल तर म्हणा, मी मेंटेनन्समध्ये किती आल्या ते विचारणार.

या उन्हाळ्यात दादाच्या मुलीचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. घरी सगळी सभा बसली. मामा म्हणाला कॉम्प्युटर घे, एसीत बसून काम, काकू म्हणाली वर्क फ्रॉम होम असतं, लग्नाला बरं पडतं. दादा माझ्याकडं बघतोय, मी काहीतरी स्फूर्तिदायक बोलेन म्हणून. भाची म्हणाली, आत्या, खरं सांग, तुला परत चान्स मिळाला तर मेक घेशील? मी लगेच हो म्हणू शकले नाही. मला काम आवडतं, पहिल्या ट्रायलला पार्ट गेजमध्ये टचकन बसला की अजून अंगावर काटा येतो, पण त्या काट्यासाठी तिनं पाण्याचे घोट मोजावेत असं मी कुठल्या तोंडानं सांगू? मुली कॉम्प्युटर घेतात याला आपण नाक मुरडतो, पण त्या अगदी इंजिनिअरसारखा विचार करतात, जिथं टॉयलेट आहे, कॅब आहे, इंटरव्ह्यूला सासर विचारत नाहीत (कमी विचारतात) तिथं जातात. तिनं पहिला ऑप्शन ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) टाकला, दुसरा मेक. मी काही बोलले नाही.

म्हणून पुढच्या ८ मार्चला मला बोलवायचं असेल तर माझी अट आहे. मुलींना क्लास चालू ठेवू द्या, हॉलमध्ये त्या पाच कंपन्यांचे एचआर, दोन मालक, एमआयडीसीचा एक साहेब आणि तुमचे प्लेसमेंटचे सर बसवा. प्राचार्यांना पण एक काम आहे, ज्या कंपनीला "फक्त बॉईज" पाहिजेत तिला कॅम्पस द्यायचा नाही, एक वर्ष पाच कॉलेजांनी मिळून करून बघावं, एकट्यानं नाही जमणार, एकट्याची कंपनी शेजारच्या कॉलेजात जाते. शाल-नारळ नको, घरात ढीग आहे.

परवा आमच्या नवीन शेडचा लेआऊट माझ्याकडं चेकिंगला आला होता, मशीनच्या जागा आणि मटेरियल फ्लो बघायला. सगळं व्यवस्थित, पॅनल रूम, टूल क्रिब (हत्यारं ठेवायची खोली), जेन्ट्स टॉयलेट दोन ठिकाणी. लेडीजचं जुन्याच बिल्डिंगमध्ये. मी लाल पेननं गोल केला आणि सही न करता परत पाठवला. आर्किटेक्टचा फोन आला, मॅडम, शॉपवर लेडीज किती आहेत सध्या? म्हटलं, चार. म्हणाला, मग चौघींसाठी? म्हटलं, तुमच्या ड्रॉइंगमध्ये पार्किंग शंभर गाड्यांचं आहे, आज चाळीस येतात. काल रिवाईज्ड ड्रॉइंग आलंय, टूल क्रिबच्या शेजारी दाखवलंय. दार नेमकं कुठल्या बाजूला उघडतं आणि कुलूप बाहेरून आहे का, ते अजून बघायचंय.